रिंगबाहेरचं दुखणं आणि रिंगमधली शैली

रिंगसाईड

प्रो रेसलिंगचा निकाल आधीच ठरलेला असतो हे आता कुणाला सांगायची गरज उरलेली नाही, तेव्हा त्यावर या धाग्यात वाद नको. पण निकाल ठरलेला असला तरी मान खरी असते, कंबर खरी असते, मोडलेला संसार आणि खिशातली गोळ्यांची बाटलीही खरीच असते. हे सगळं सोबत घेऊन माणूस रिंगमध्ये उतरतो तेव्हा त्याच्या खेळात नेमकं काय बदलतं, यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. रेसलर नवीन काय करायला लागला यात त्याचं दुखणं फारसं दिसत नाही. त्याने काय करायचं सोडलं, तिथे ते सापडतं. सोडलेल्या जागी तो जे भरतो त्यालाच आपण पुढे त्याची शैली म्हणतो.

स्टीव्ह ऑस्टिनचंच घ्या. डब्ल्यूसीडब्ल्यू या आधीच्या कंपनीतला ऑस्टिन पक्का तांत्रिक रेसलर होता. मॅटवरची पकड, चपळ पाय, लांब मॅच खेळायचा दम. मार्च १९९७ मधली रेसलमेनिया १३ ची (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) ब्रेट हार्टबरोबरची मॅच बघा, तीत मारामारी आहे आणि कसबही भरपूर आहे. मग आला ३ ऑगस्ट १९९७ चा समरस्लॅम. ओवेन हार्टने त्याला उलटा धरला आणि पाइलड्रायव्हर मारत खाली बसला. ऑस्टिनचं डोकं ओवेनच्या मांड्यांच्या खाली लोंबत होतं, त्यामुळे सगळा भार थेट मानेवर गेला. हातपाय हलेनासे झाले. ओवेनच्या ते लक्षात आलं आणि तो प्रेक्षकांकडे वळून त्यांना डिवचत वेळ काढत राहिला. शेवटी ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, मागून ओवेनला गुंडाळलं आणि रेफरीने तीन मोजले. तो रोल-अप पुन्हा बघा. हातात पकडच नाहीये. ओवेन स्वतःहून मागे लोळला म्हणून मॅच संपली, आणि ऑस्टिनला इंटरकाँटिनेंटल टायटल मिळालं.

त्यानंतर जो ऑस्टिन आपल्याला मिळाला तो निराळाच. ठोसे, लाथा, कोपऱ्यात दाबून तुडवणं, अंगावर झेप घेऊन ठोशांचा पाऊस, बॅरिकेडपलीकडे प्रेक्षकांत जाऊन धुमश्चक्री, आणि शेवटी स्टनर, म्हणजे समोरच्याची हनुवटी आपल्या खांद्यावर धरून खाली बसणं. स्टनर त्याच्याकडे आधीपासून होता, पण आता सगळी मॅच त्या एका फटक्याकडे धावायला लागली. स्टनर मारताना तो स्वतः बसतो, मानेवर फारसा भार येत नाही. ॲटिट्यूड एराची (म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली) जी धसमुसळी शैली म्हणून आपण ओळखतो तिचा मोठा हिस्सा एका जायबंदी मानेने घडवलाय असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आणि मग धडधाकट मानेच्या लोकांनीही तसंच खेळायला सुरुवात केली, कारण प्रेक्षकांना तेच हवं होतं! २००० च्या जानेवारीत मानेचं ऑपरेशन झालं, ३० मार्च २००३ ला रॉकबरोबरची मॅच झाली आणि तो थांबला. पुढची एकोणीस वर्षं त्याने एकही मॅच खेळली नाही.

तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? लिहा. शक्यतो मॅचचं नाव द्या, म्हणजे बघता येईल.

टॉपरोप

झकास धागा. रेसलमेनिया १४ च्या मेन इव्हेंटची आठवण झाली. मान गेलेला ऑस्टिन आणि कंबर गेलेला शॉन मायकल्स. दोघंही मोडलेले, आणि कंपनीचा सगळा डोलारा त्या मॅचवर. मायकल्सचा चेहरा बघवत नाही त्या रात्रीचा. सविस्तर नंतर लिहितो.

जुनी_कॅसेट

एडी गेरेरो. दुसरं नाव माझ्या डोक्यात येतच नाही.

१ जानेवारी १९९९ ला त्याच्या गाडीला अपघात झाला, तो गाडीबाहेर फेकला गेला. त्याच वर्षी तो रिंगमध्ये परतला सुद्धा. इतक्या लवकर. वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन त्याला होतंच, ते आणखी घट्ट झालं. २००१ मध्ये व्यसनमुक्तीसाठी उपचार, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक. नोकरी गेली, घर मोडायच्या बेतात आलं. काही महिने छोट्या छोट्या कंपन्यांमध्ये खेळत राहिला आणि २००२ च्या एप्रिलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत परतला.

आता परतलेल्या एडीकडे बघा. ‘लाय, चीट, स्टील’, म्हणजे खोटं बोला, फसवा, चोरा. रेफरीची पाठ वळली की हा खुर्ची उचलतो. मारणार असं वाटतं, तर ती समोरच्याच्या हातात फेकतो आणि स्वतः धाडकन मॅटवर पडून डोकं धरून विव्हळायला लागतो. रेफरी वळतो, त्याला दिसतं काय? एकाच्या हातात खुर्ची आणि दुसरा आडवा. आणि रेफरीची नजर हटली की एडीचा एक डोळा हळूच उघडतो. लोक वेडे व्हायचे.

व्यसनाधीन माणूस काय शिकतो? लपवायला शिकतो, वेळ मारून न्यायला शिकतो, निरागस चेहरा करायला शिकतो. मी हे घरात जवळून पाहिलंय म्हणून बोलतोय. एडीने आयुष्यातली ती सगळ्यात लाजिरवाणी कला उचलली आणि हजारो लोकांसमोर उघड्यावर मांडली, इतकी उघड की तिच्यातलं विष गेलं. माझ्या लेखी रेसलिंगमध्ये याहून मोठं काही झालेलं नाही.

रेसलमेनिया २०, १४ मार्च २००४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर कर्ट अँगल, त्याचं हुकमी हत्यार अँकल लॉक. एडी पायाला पडलेल्या पिळातून सुटतो, बसून बुटाच्या नाड्या सैल करतो. बघणाऱ्याला वाटतं पाय सुजलाय, बिचारा आराम देतोय. अँगल पुन्हा घोटा धरतो, पिळतो, आणि बूट त्याच्या हातात येतो! तो बुटाकडे बघेपर्यंत एडीने त्याला गुंडाळलेलं असतं. एक, दोन, तीन. दुखरा पाय खरा की नाटक, हे त्या क्षणी कुणालाच सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी १३ नोव्हेंबरला तो गेला. अडतिसाव्या वर्षी, हृदयविकाराने. तेव्हा तो व्यसनापासून दूर होता, पण शरीराने हिशोब मागितलाच.

कोपऱ्यातली

जुनी_कॅसेट, काय लिहिलंयत. बुटाची मॅच मी पुन्हा लावली आत्ता.

संयत

धागा आवडला, पण थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

एडीची फसवाफसवी व्यसनातून आली हा दुवा आपण नंतर बसून जोडलाय. २००२ मध्ये पुतण्या चावोबरोबर टीम झाली तेव्हा कंपनीने ते पात्र दिलं. शिवाय गेरेरो हे रेसलिंगमधलं घराणं, वडील गोरी गेरेरो मेक्सिकोतले नावाजलेले रेसलर. रेफरीच्या पाठीमागे लबाडी करणारा हील (खलनायक) हा तिकडचा पिढीजात प्रकार आहे. ते कसब त्याच्या रक्तात अपघाताच्या कितीतरी आधीपासून होतं.

दुसरं उदाहरण घ्या. रोमन रेन्सने २२ ऑक्टोबर २०१८ ला ल्युकेमिया उलटल्याचं जाहीर केलं, २०१९ च्या फेब्रुवारीत परतला. २०२० च्या ऑगस्टपासून त्याची शैली पार बदलली. संथ चाल, मॅचच्या मध्येच बोलणं, समोरच्याकडे तुच्छतेने बघत उभं राहणं. आजारातून उठलेल्या माणसाची शैली असं म्हणायला छान वाटतं. पण तेव्हा हॉल रिकामे होते, प्रेक्षकांचा आवाज नव्हता, रिंगमधला शब्दन् शब्द माइकवर ऐकू यायचा. बोलत बोलत मॅच खेळण्याची सोय त्या रिकामपणाने करून दिली. आणि तो हील झाला होता. एवढी कारणं समोर असताना आजारापर्यंत जायची गरज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपण फक्त टिकलेले लोक बघतो. मान मोडल्यावर ज्यांना ऑस्टिनसारखी नवी शैली सापडली नाही ते घरी बसले, त्यांच्यावर धागे निघत नाहीत. संकटातून शैली जन्माला येते असं म्हणताना ही माणसं आपल्या हिशोबात कुठेच नसतात.

रिंगसाईड

संयत, राग कसला, असाच प्रतिसाद हवा होता. रेन्सबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच मी सोडलेल्या गोष्टींवर भर देतोय. नवीन पात्र कुणीही लिहून देऊ शकतं. पण एखादी हालचाल खेळातून नाहीशी झाली आणि ती कधी झाली हे मॅच बघून ठरवता येतं. ती वेळ दुखापतीशी जुळते का, हे तपासता येतं. ऑस्टिनची जुळते. रेन्सचं तसं काही नाहीसं झालेलं दिसत नाही. सुपरमॅन पंच (उडी घेऊन ठोसा) तोच, स्पिअर (धावत येऊन खांद्याची धडक) तोच.

एडीबाबत मात्र मी जुनी_कॅसेट यांच्या बाजूचा आहे. पात्र कंपनीने दिलं असेल. पण लोकांना त्याची लबाडी आवडायला लागली, कारण हा माणूस कुठून परत आलाय हे त्यांना ठाऊक होतं. २००४ च्या फेब्रुवारीत लेस्नरकडून टायटल जिंकण्याआधी त्याचं व्यसन कथानकात उघडपणे आणलं होतं. बघणाऱ्याच्या मनात जे असतं तेही मॅचचाच भाग होतं, नाही का?

फिजिओ_ताई

मी रेसलिंग नवऱ्यामुळे बघायला लागले, पण माझा रोजचा व्यवसाय गुडघे आणि कंबर हाच आहे, तेव्हा त्या बाजूने लिहिते.

दुखऱ्या सांध्याला वाचवायचं हे शरीर आपोआप करतं. पेशंट सांगतो ‘मी नीट चालतोय’, पण पाऊल टाकताना वजन केव्हाच दुसऱ्या पायावर गेलेलं असतं. रेसलरचंही तेच होतं. फक्त त्याला ते वाचवणं लपवावं लागतं किंवा त्याचा खेळ करावा लागतो.

जपानी रेसलर केइजी मुतोचं उदाहरण शिकवण्यासारखं आहे. त्याची ओळख म्हणजे मूनसॉल्ट. टॉप रोपवरून पाठमोरी उडी, हवेत पूर्ण गिरकी, आणि खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर छाती. बघताना आपण छातीकडे बघतो. तुम्ही गुडघ्यांकडे बघा. अंगाचा भार समोरच्यावर पडू नये म्हणून तो स्वतःचे गुडघे मॅटवर आपटून घेतो. म्हणजे समोरच्याला जपायचं ते स्वतःच्या सांध्याच्या जिवावर. वर्षानुवर्षं, रात्रीमागून रात्र. कुर्चा झिजते ती परत येत नाही.

२००१ च्या सुमाराला त्याच्या खेळात शायनिंग विझर्ड आला. समोरचा एका गुडघ्यावर वाकलेला, त्याच्या मांडीवर पाय ठेवायचा आणि दुसऱ्या गुडघ्याने डोक्यावर वार. उंची जेमतेम फूट-दोन फूट. उतरताना धक्का कमी. गुडघे गेलेल्या माणसासाठी याहून हुशार चाल मला तरी सुचणार नाही. आणि बाकीची मॅच तो कशाने भरायचा? ड्रॅगन स्क्रू (पाय धरून पिळत पाडणं) आणि फिगर फोर (पायांचा पेच). दोन्ही प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यावर! ही हत्यारं त्याने आधीच्या काळात उचललेली होती, पण जसजसे स्वतःचे पाय जात गेले तसतसा त्यांच्यावरचा भर वाढत गेला. आपलं दुखणं समोरच्याच्या पायात उतरवल्यासारखं दिसतं ते. २०१८ मध्ये त्याने दोन्ही गुडघे बदलून कृत्रिम बसवून घेतले, आणि २१ फेब्रुवारी २०२३ ला टोकियो डोममध्ये निवृत्त झाला.

संयत यांचा ‘टिकलेले’ हा मुद्दा मला व्यवसायातून पटतो. मुतोसारखी जुळवणूक सगळ्यांना जमत नाही. बहुतेक लोक दुखणं दाबून तेच करत राहतात आणि मग गोळ्या सुरू होतात.

मूनसॉल्ट

फिजिओ_ताई, माझ्या आयडीचा इतका सविस्तर समाचार पहिल्यांदाच घेतला गेला!

जपानचा विषय निघालाच आहे तर केंटा कोबाशी. त्याचाही मूनसॉल्ट, त्याचेही गुडघे. ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली. मग त्याने काय केलं? पाय रोवून उभा राहिला आणि हात चालवायला लागला. चॉप्स. छातीवर उघड्या तळहाताच्या कडेने. १८ जुलै २००५ ची टोकियो डोममधली केन्सुके सासाकीबरोबरची मॅच शोधा. दोन दांडगे पुरुष समोरासमोर उभे, आणि नुसत्या चॉप्सची लड. हलत नाहीत. छात्या लालभडक. पाच मिनिटांहून जास्त वेळ केवळ एक फटका परत परत मारून अख्खं स्टेडियम उभं करता येतं हे मी तिथे शिकलो.

पुढच्याच वर्षी मूत्रपिंडाचा कॅन्सर. मूत्रपिंड काढलं. २ डिसेंबर २००७ ला टोकियोच्या बुदोकान हॉलमध्ये परतला, ताकायामाच्या जोडीने, समोर मिसावा आणि आकियामा. ताकायामाही मेंदूच्या झटक्यातून उठलेला होता. मिसावाने कोबाशीला सोडलं नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हळूच मारलं असतं तर तो अपमान झाला असता.

आणि ११ मे २०१३, निवृत्तीची मॅच. शेवट कशाने केला? मूनसॉल्टने. गुडघ्यांचं जे व्हायचं ते होवो, आता जपायचं काही उरलं नव्हतं. रिंगसाईड, तुमच्या म्हणण्यात ही भर घाला: सोडलेली गोष्ट परत आली की ती पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी होते.

तिसरी_घंटा

मी नाटकवाली, तेव्हा माझं लक्ष सेलिंगकडे जातं. म्हणजे मार बसल्यावर तो बसला हे दाखवणं.

मायकल्सचा मुद्दा टॉपरोप यांनी अर्धवट सोडलाय, तो उचलते. १९९८ च्या जानेवारीत रॉयल रंबलला अंडरटेकरबरोबरच्या मॅचमध्ये रिंगबाहेर ठेवलेल्या शवपेटीच्या कडेवर त्याची पाठ आपटली. मार्चमध्ये टायटल गमावलं आणि तो चार वर्षांहून जास्त काळ गायब. त्या काळात तो गोळ्यांच्या आहारी गेला होता, मग लग्न, मूल, धर्माकडे वळणं. २५ ऑगस्ट २००२ ला समरस्लॅममध्ये ट्रिपल एचसमोर उभा राहिला. एकाच मॅचपुरता, असं ठरलेलं.

आता ती मॅच कशी बांधलीय बघा. ट्रिपल एच मारतो कुठे? पाठीवर. फक्त पाठीवर. खुर्चीने, बॅकब्रेकरने (गुडघ्यावर पाठ आपटून), पुन्हा पुन्हा. मायकल्स प्रत्येक वेळी पाठीला हात लावतो आणि सगळ्या हॉलचा श्वास अडकतो, कारण ही पाठ खरंच गेलेली होती हे सगळ्यांना माहीत. रंगभूमीवर आम्हाला खोटी जखम खरी करून दाखवावी लागते. इथे खऱ्या जखमेवर खोटा मार बसत होता, आणि बघणाऱ्याला दोन्ही वेगळे करता येत नव्हते. त्यात समोरच्यावरचा विश्वास किती हवा विचार करा. ट्रिपल एचने तो फटका इंचभर चुकवला असता तर?

तरुणपणीचा मायकल्स देखणा, उर्मट, सगळ्यांच्या वर दिसायची धडपड करणारा. परत आलेला मायकल्स समोरच्याला मोठं करायला शिकला. २००८ च्या रेसलमेनियात रिक फ्लेअरची निवृत्ती त्याच्या हातून झाली. शेवटच्या सुपरकिकआधी तो थबकतो, चेहऱ्यावर नको-नको असतं, आणि मग मारतो. १९९७ चा मायकल्स थबकला नसता. हे मला लाथ-ठोशांपेक्षा मोठं शैलीतलं परिवर्तन वाटतं. रिंगसाईड, तुमच्या भाषेत त्याने ‘मी’ सोडला.

रिंगसाईड

तिसरी_घंटा, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. मी हालचालींमध्ये अडकलो होतो. फार आवडलं.

टॉपरोप

आलो परत. मला उलटी बाजू मांडायचीय, आणि ती जरा जड आहे.

आपण म्हणतोय आयुष्यातून शैली घडते. कधी कधी शैलीच आयुष्य खाते. डायनामाइट किड. त्याच्यासारखं वेगाने आणि इतक्या जोरात स्वतःला आपटून घेणारा त्याच्या काळात कुणी नव्हता. टॉप रोपवरून थेट डोकं पुढे करून झेप. १९८६ मध्ये पाठ गेली, नव्वदच्या दशकात व्हीलचेअर आली, २०१८ मध्ये तो वारला. त्याला बघत मोठा झाला ख्रिस बेन्वा. तीच झेप, तोच आवेश, तेच डोकं. बेन्वाने २००७ च्या जूनमध्ये काय केलं ते इथे परत लिहीत नाही. त्याच्या हातून पत्नी आणि सात वर्षांचं लेकरू गेलं, त्याला कसलंही समर्थन नाही. पण नंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा वारंवार बसलेल्या माराने झालेली भयंकर हानी सापडली. आणि तीच झेप पुढे ब्रायन डॅनियलसनकडेही होती. ८ फेब्रुवारी २०१६ ला मेंदूला बसलेल्या धक्क्यांमुळे त्याला निवृत्ती जाहीर करावी लागली. २०१८ मध्ये डॉक्टरांची परवानगी मिळून तो परतला हे आपलं नशीब.

तीन पिढ्या, एक झेप. लहान मुलगा टीव्हीवर शैली बघतो, किंमत बघत नाही. किंमत वीस वर्षांनी येते. २०१० पासून डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यावर खुर्ची मारणं बंद केलं, ते खूप आधी व्हायला हवं होतं.

म्हणून डार्बी ॲलिनला बघताना माझ्या पोटात गोळा येतो. पाच वर्षांचा असताना तो काकाबरोबर गाडीत होता, काका प्यायलेला, अपघातात काका गेला. तो चेहऱ्याचा अर्धा भाग मेलेल्या माणसासारखा रंगवतो ते त्यासाठी. स्वतः दारूला शिवत नाही. पण शरीर असं फेकतो की जणू ते दुसऱ्याचं आहे. पाठमोरा, हात छातीवर घेऊन टॉप रोपवरून मागे पडतो. मी त्याचा चाहता आहे आणि दर वेळी मनात म्हणतो, बाबा, जरा जप.

संयत

टॉपरोप, अनुमोदन. हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर असायला हवा.

कोपऱ्यातली

सगळी पुरुषांचीच नावं चाललीत, म्हणून मायु इवातानी. शाळा सुटली, माणसांना टाळून घरात कोंडून घेतलेली मुलगी. टीव्हीवर रेसलिंग दिसलं आणि घर सोडून टोकियोला आली. २०११ च्या जानेवारीत स्टारडम कंपनीच्या पहिल्याच शोमध्ये पदार्पण. तेव्हा ती काडीसारखी, ताकद नाही, सारखी हरायची.

तिची शैली काय? पडणं. मायुसारखं पडणारं कुणी नाही. समोरचीने उचलून आपटलं की ती मानेवर, खांद्यावर अशी दुमडते की बघवत नाही, आणि मग उठते. ज्या मुलीला जगाची भीती वाटायची तिने मार खाऊन उठणं हीच आपली ओळख केली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिने मर्सेडीस मोनेला हरवून आयडब्ल्यूजीपी विमेन्स टायटल घेतलं. टॉपरोप यांची काळजी मला तिच्या बाबतीतही आहे, खोटं कशाला बोलू. पण तिला बघून मला बळ येतं हेही तितकंच खरं.

जुनी_कॅसेट

व्यसनाबद्दल आणखी एक लिहायचं राहिलं. एडीची गोष्ट अर्ध्यावर संपली, पण सगळ्यांची संपत नाही. डस्टिन रोड्स २००८ पासून व्यसनमुक्त आहे. २५ मे २०१९ ला, पन्नाशी गाठलेला असताना, तो धाकट्या भावासमोर, कोडीसमोर उभा राहिला. कपाळ फुटून चेहरा रक्ताने भरला होता. मी ती मॅच पॉवरस्लॅमसाठी बघतो. साधा पॉवरस्लॅम, उचलून पाठीवर आपटणं, वडिलांच्या जमान्यातला. घाई नाही. दारू-गोळ्यांच्या काळातला डस्टिन बघितला असेल तर त्याच्या या खेळातला नेमकेपणा कळेल. प्रत्येक पाऊल जागच्या जागी.

जॉन मॉक्सलीने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दारूसाठी उपचार घ्यायला रजा घेतली आणि कंपनीने ते लपवलं नाही. २०२२ च्या जानेवारीत परतला. वीस वर्षांपूर्वी असं झालं असतं तर नोकरी गेली असती, एडीची गेली तशी. यात शैलीचा प्रश्न नाही, पण मला हे इथे नोंदवायचं होतं.

नवीन_सभासद

मी लहानपणी बघायचो, मग सुटलं. धागा वाचून परत बघावंसं वाटतंय. मूनसॉल्ट म्हणतात तसं ‘सोडलेली गोष्ट परत येणं’ कुठल्या मॅचमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसेल? जपानी कळत नाही, चालेल का?

मूनसॉल्ट

चालेल, भाषेने काही अडत नाही. तुम्हाला तेत्सुया नाइतो बघावा लागेल. यात दुखापत आहे, पण खरं दुखणं नाकारलं जाण्याचं आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परतून त्याने २०१३ ची न्यू जपान कंपनीची जी१ स्पर्धा जिंकली. म्हणजे ४ जानेवारी २०१४ ला होणाऱ्या, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोचा मेन इव्हेंट त्याचा. पण लोकांना तो नकोसा झाला होता. कंपनीने चाहत्यांचं मतदान घेतलं आणि त्याची आणि ओकाडाची टायटल मॅच मेन इव्हेंटवरून खाली ढकलली गेली. तेव्हाचा नाइतो मनापासून आवडून घ्यायला धडपडणारा, चमचमत्या कपड्यातला, टॉप रोपवरून स्टारडस्ट प्रेस नावाची अवघड गिरकी मारणारा. जितका धडपडायचा तितकी हुर्यो.

२०१५ मध्ये तो मेक्सिकोला गेला आणि परतला तो बेफिकीर होऊन. सूट घालून येतो, रिंगमध्ये उभा राहून एकेक कपडा इतक्या सावकाश काढतो की प्रतिस्पर्धी वैतागतो. मॅच सुरू होऊनही तो मॅटवर आडवा पडून राहतो. ‘त्रांकिलो’, म्हणजे निवांत. स्टारडस्ट प्रेस बंद. तुमचं प्रेम मला नकोच, असं अंगभर लिहिलेलं. आणि लोक त्याच्या प्रेमात पडले!

रिंगसाईड

मूनसॉल्ट, बरोबर ओळखलंत, मीही नाइतोच सुचवणार होतो. नवीन_सभासद, तुमच्यासाठी क्रम सांगतो. आधी २०१३ चा जी१ फायनल, तानाहाशीबरोबरचा. नाइतो जिंकतोय तरी हॉलमधला आवाज कसा विरळ आहे ते ऐका. मग २०१५ नंतरची कुठलीही एक मॅच, फक्त प्रवेश आणि पहिली पाच मिनिटं. मग ४ जानेवारी २०१८, टोकियो डोम, समोर ओकाडा, अखेर मेन इव्हेंट. त्यात इतक्या काळाने तो स्टारडस्ट प्रेससाठी वर चढतो आणि चुकतो. हरतो. तिथे थांबू नका. लगेच ५ जानेवारी २०२० ची मॅच लावा, तोच डोम, तोच ओकाडा. वर चढताना त्याचे पाय बघा. या वेळी ती लागते.